असायलम मिळाल्यानंतर मायदेशी जाणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत आश्रय, म्हणजेच रोजच्या बोलण्यातले असायलम, मिळालेल्या किंवा त्यासाठी अर्ज केलेल्या भारतीयांना मायदेशी जाण्याचा प्रश्न कधी ना कधी पडतोच. मराठी घरांत तो बहुधा आईवडिलांचे आजारपण, भावंडाचे लग्न किंवा गावाकडच्या जमिनीचे काम यांच्या निमित्ताने निघतो, आणि बहुतेक वेळा तिकीट काढून झाल्यावरच निघतो. पुढील उत्तरे मुख्यतः अमेरिकेच्या कायद्याविषयी आहेत. कॅनडाचा नियम बराच वेगळा आणि अधिक कडक असल्यामुळे त्याचा विचार स्वतंत्रपणे केला आहे.

असायलम मिळालेल्या व्यक्तीने मायदेशी जाऊ नये, अशी कायद्यात बंदी आहे का?

सरळ शब्दांत लिहिलेली बंदी नाही. मायदेशी पाऊल ठेवताच असायलम आपोआप रद्द होते असे सांगणारे कलम अमेरिकेच्या कायद्यात सापडत नाही. मात्र असायलम हा कायमस्वरूपी हक्क नाही आणि ते कोणत्या कारणांनी काढून घेता येते, हे इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्टच्या कलम 208 मध्ये सांगितले आहे. मूळ परिस्थितीत मूलभूत बदल होऊन भीतीचे कारण उरलेले नसणे, स्वखुशीने मायदेशी परतून तेथे कायम रहिवाशाच्या हक्कांसह त्या देशाचे संरक्षण पुन्हा स्वीकारणे आणि नवे नागरिकत्व घेणे ही त्यांपैकी आपल्या विषयाशी संबंध असलेली कारणे होत. त्याखेरीज, मुळात असायलम मिळवतानाच खोटी माहिती दिली होती असे दिसून आले, तर नियमांनुसार ते रद्द करता येते.

यातील ‘मायदेशी परतणे’ हे कारण वाचायला वाटते त्यापेक्षा अरुंद आहे. पंधरा दिवसांची भेट त्यात सहसा बसत नाही. म्हणूनच काही जण निर्धास्त होतात, आणि गफलत तिथेच होते. भेटीचा खरा उपयोग इतर दोन कारणांसाठी होतो: भीती आता उरलेली नाही हे दाखवण्यासाठी, किंवा ती कधीच नव्हती हे दाखवण्यासाठी.

म्हणजे अडचण नेमकी कशात आहे?

आपण स्वतः दिलेल्या जबानीत. असायलमसाठी वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, राजकीय मत किंवा विशिष्ट सामाजिक गटाचे सदस्यत्व यांपैकी एखाद्या कारणावरून मायदेशी छळ झाला आहे किंवा तो होण्याची रास्त भीती आहे, आणि म्हणून त्या देशाचे संरक्षण आपण घेऊ शकत नाही किंवा घेऊ इच्छित नाही, असे शपथेवर सांगावे लागते. त्यानंतर त्याच देशाच्या विमानतळावर त्याच देशाचा पासपोर्ट दाखवून आत जाणे हे त्या जबानीशी विसंगत दिसते. ते प्रत्यक्षात विसंगत असेलच असे नाही. पण तसे ते का नाही, हे पटवून देण्याचा भार व्यवहारात आपल्याच खांद्यावर येतो.

निर्वासितांविषयीच्या 1951 च्या आंतरराष्ट्रीय करारातही हाच विचार आहे. मायदेशाचे संरक्षण स्वखुशीने पुन्हा घेतल्यास निर्वासितपण संपते, असे तो करार सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तालयाच्या मार्गदर्शक पुस्तिकेने त्यासाठी तीन कसोट्या दिल्या आहेत: कृती स्वेच्छेने केलेली असावी, संरक्षण पुन्हा घेण्याचा हेतू असावा आणि ते संरक्षण प्रत्यक्ष मिळालेले असावे. वृद्ध किंवा आजारी आईवडिलांना भेटायला जाणे आणि सुट्टीसाठी अथवा धंद्यासाठी वारंवार जाणे यांत ही पुस्तिका फरक करते. अमेरिकी अधिकाऱ्यांवर ती बंधनकारक नसली, तरी युक्तिवादासाठी तिचा आधार घेतला जातो.

माझा अर्ज अजून प्रलंबित आहे. निकालापूर्वी भारतात जाऊन आलो तर?

जाऊ नये. प्रलंबित अर्जदाराने अ‍ॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे परत येण्याची आगाऊ परवानगी, न घेता अमेरिका सोडली, तर त्याने अर्ज सोडून दिला असे नियमानुसार गृहीत धरले जाते. परवानगी घेऊन गेलेला अर्जदार ज्या देशात छळ झाल्याचे सांगतो त्याच देशात गेला, तरीही अर्ज सोडल्याचेच गृहीत धरतात. परतण्यामागे अत्यंत निकडीचे कारण होते हे त्याने सिद्ध केले तरच सुटका होते. प्रकरण इमिग्रेशन न्यायालयात चालू असेल, तर धोका याहूनही मोठा आहे, आणि अशा वेळी परवानगीच्या भरवशावर बाहेर पडण्याचा विचार वकिलाशी बोलल्याशिवाय मनातही आणू नये.

न्यायाधीशांनी मला असायलम न देता ‘विदहोल्डिंग ऑफ रिमूव्हल’ दिले आहे. नियम तोच लागू होतो का?

नाही, आणि हा फरक अनेकांना ठाऊकच नसतो. विदहोल्डिंगमध्ये हद्दपारीचा आदेश आधी निघालेला असतो आणि फक्त त्या एका देशात पाठवण्यापुरती त्याची अंमलबजावणी थांबवलेली असते. अशा व्यक्तीने स्वतःहून अमेरिका सोडली, तर तो आदेश तिने स्वतःच अमलात आणला असे मानले जाते. तिला रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंटही मिळत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी कराराखाली (कन्व्हेन्शन अगेन्स्ट टॉर्चर) संरक्षण मिळालेल्यांनाही हेच लागू आहे. आपल्या हातातील आदेशावर नेमके काय लिहिले आहे, हे घरातल्या कोणाच्या आठवणीवर न सोडता प्रत्यक्ष वाचून घ्यावे.

असायलम मिळालेल्या व्यक्तीने प्रवास कोणत्या कागदावर करावा?

रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर. दिसायला ते पासपोर्टसारखे पुस्तकच असते. त्याची मुदत एक वर्षाची असते, ती वाढवून मिळत नाही, दर वेळी नवा अर्ज करावा लागतो. अर्ज आय-131 या फॉर्मवर, अमेरिका सोडण्यापूर्वी करायचा असतो. असे कागदपत्र न घेताच बाहेर पडलेल्या व्यक्तीला एक वर्षाच्या आत परदेशातून अर्ज करण्याची वाट नियमांत ठेवली आहे, पण ती अधिकाऱ्याच्या मर्जीवर आहे आणि तिच्यावर विसंबून निघणे शहाणपणाचे नाही. फी आणि लागणारा वेळ दोन्ही बदलत असल्यामुळे अर्जाच्या दिवशी यूएससीआयएसच्या, म्हणजे इमिग्रेशनचे अर्ज हाताळणाऱ्या अमेरिकी सरकारी खात्याच्या, अधिकृत संकेतस्थळावरच पाहावे.

या फॉर्मकडे थोडे बारकाईने पाहण्यासारखे आहे. निर्वासित किंवा आश्रित (म्हणजे असायलम मिळालेल्याचा) दर्जा मिळाल्यानंतर आपण त्या देशात परत गेला आहात का, त्या देशाचा पासपोर्ट मागितला, मिळवला किंवा त्याचे नूतनीकरण केले आहे का, त्या देशाकडून एखादा लाभ घेतला आहे का, असे प्रश्न त्यात विचारलेले आहेत आणि उत्तरांखाली आपली सही असते. प्रवासाचे कागद मिळवण्याचा हा फॉर्म आहे असे समजून घाईघाईने ‘नाही’वर खूण करणारे लोक नकळत खोटी जबानी देऊन बसतात. पुढे ग्रीन कार्ड किंवा नागरिकत्वाच्या वेळी मूळ भेटीपेक्षा ही खूणच जास्त महागात पडते.

भारतीय पासपोर्टचे नूतनीकरण केले तर काय होईल?

त्याने असायलम आपोआप जात नाही. पण पासपोर्ट देणे हे त्या देशाच्या संरक्षणाचे ठळक रूप मानले जाते. त्यामुळे ज्याने आपला छळ सरकारकडून, पोलिसांकडून किंवा सत्ताधाऱ्यांकडून झाल्याचे सांगितले आहे, त्याने त्याच सरकारकडे पासपोर्टसाठी अर्ज करणे त्याच्या म्हणण्याच्या मुळावर येते. ज्याला भीती सरकारची नसून खाजगी व्यक्तींची आहे, उदाहरणार्थ आंतरजातीय विवाहानंतर जिवावर उठलेल्या नातेवाइकांची, त्याच्या बाबतीत पासपोर्ट घेण्याचा अर्थ इतका थेट लावता येत नाही. तरीही तो का घेतला, याचे लेखी कारण जवळ असावे. केवळ ओळखपत्र हवे म्हणून पासपोर्ट घेण्याची गरज बहुतेकांना नसते, कारण अमेरिकेत राज्याचे ओळखपत्र आणि ट्रॅव्हल डॉक्युमेंट यांवर बहुतेक कामे भागतात.

येथे एक पेच आहे. भारतीय नागरिकाने भारतात प्रवेश करताना भारतीय पासपोर्ट किंवा भारतीय वकिलातीने दिलेले आपत्कालीन प्रमाणपत्र दाखवावे, अशी अपेक्षा असते. म्हणजेच भारतात जायचे ठरवले, की भारतीय कागद घेणे ओघाने आलेच, आणि एका भेटीतून दोन पुरावे तयार होतात.

आई अत्यवस्थ आहे. तरीही जाऊ नये का?

या प्रश्नाला ‘जाऊ नका’ असे कोरडे उत्तर देणे कोणालाच शोभणार नाही, आणि कायद्याची अपेक्षाही तशी नाही. जाणारे जातातच. जाताना भेट शक्य तितकी छोटी, एकाच कारणापुरती आणि कागदोपत्री स्पष्ट ठेवणे हे आपल्या हातात असते.

समजा, एका तरुणीने परजातीत लग्न केल्यामुळे वडिलांच्या बाजूच्या लोकांकडून जिवाला धोका असल्याचे सांगून असायलम मिळवले आहे आणि तिची आई नाशिकच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागात आहे. ती मुंबईत उतरून थेट नाशिकला गेली, माहेरच्या गावी न जाता शहरात एका मैत्रिणीकडे राहिली, फक्त रुग्णालयात जाऊन आली, येण्याची खबर मामाखेरीज कोणालाही दिली नाही आणि आठवड्याभरात परतली, तर तिच्या वागण्यातूनच तिची भीती दिसते. तीच तरुणी गावच्या घरी महिनाभर राहिली, जत्रेला गेली आणि तिथले फोटो फेसबुकवर टाकले, तर आईचे आजारपण कितीही खरे असले तरी तिच्या भीतीवर विश्वास ठेवणे अधिकाऱ्याला कठीण जाते. समाजमाध्यमांवरचे फोटो अधिकारी पाहू शकतात, हे वेगळे सांगायला नको.

मात्र काळजी घेण्यालाही एक उलट धार आहे. लपूनछपून शहरात राहता आले, तर देशातच दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित राहणे शक्य होते, असा युक्तिवाद होऊ शकतो. चार दिवस दडून राहणे आणि आयुष्य काढणे यांतला फरक म्हणूनच निवेदनात स्पष्ट लिहावा.

रुग्णालयाचे दाखल केल्याचे कागद, डॉक्टरांचे तारीख असलेले पत्र, डिस्चार्ज कार्ड किंवा मृत्यूचा दाखला, जातायेताची तिकिटे आणि बोर्डिंग पास, मुक्काम कुठे केला याचा पुरावा, घेतलेल्या खबरदारीविषयी बरोबरच्या नातेवाइकाचे प्रतिज्ञापत्र, हे सर्व तिथे असतानाच गोळा करावे. तीन वर्षांनी रुग्णालयाकडे जुने कागद मागायला गेल्यावर काय अनुभव येतो, हे ज्याने मागितले आहेत त्याला विचारावे. मराठीतील दाखल्यांचे इंग्रजी भाषांतर, ते पूर्ण व अचूक असल्याच्या आणि आपण भाषांतरास सक्षम असल्याच्या भाषांतरकाराच्या सहीच्या निवेदनासह जोडावे लागते.

दहाव्या-तेराव्यापर्यंत थांबावे का, हा प्रश्नही हटकून येतो. अंत्यविधीसाठी जाणे समजून घेतले जाण्याची शक्यता असते. त्यानंतरचा प्रत्येक जास्तीचा दिवस कशासाठी होता, याचे उत्तर मात्र तयार असावे लागते. विधी स्थानिक भावंडांवर सोपवून लवकर परतलेले बरे, असे आमचे मत आहे.

कुटुंबाला तिसऱ्या देशात भेटणे सुरक्षित आहे का?

बहुतेक वेळा हाच सर्वांत चांगला मार्ग असतो. रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर तिसऱ्या देशात गेल्याने मायदेशाचे संरक्षण घेतल्याचा आरोप येत नाही. भारतीय नागरिकांना नेपाळमध्ये जाण्यासाठी व्हिसा लागत नाही, आणि विमानाने जाताना पासपोर्टऐवजी मतदार ओळखपत्रही चालते, त्यामुळे पासपोर्ट नसलेल्या वयस्कर आईवडिलांना तिथे येणे सोपे पडते. आपल्याला स्वतःला मात्र ट्रॅव्हल डॉक्युमेंटवर त्या देशाचा आणि वाटेतल्या देशांचा व्हिसा लागतो का, हे संबंधित दूतावासाकडे आधीच विचारावे. पासपोर्टधारकांसाठीच्या सवलती या कागदाला लागू असतीलच असे नाही. तिकीट काढताना दिल्ली किंवा मुंबईत विमान बदलण्याचा पर्याय टाळावा.

नेपाळपर्यंत गेल्यावर सीमा ओलांडून दोन दिवस घरी जाऊन यावे, शिक्का तर बसत नाही, असा सल्ला देणारे शहाणे भेटतात. असा प्रवास नंतरच्या प्रत्येक फॉर्मवर एकतर सांगावा लागतो, नाहीतर लपवावा लागतो. लपवल्यास उघड भेटीचे ओझे परवडले असते असे म्हणण्याची वेळ येते.

वडिलांच्या पश्चात जमिनीची वारस नोंद आणि विक्री करायची आहे. त्यासाठी जावे लागेल का?

सहसा नाही. अमेरिकेतील नोटरीसमोर कुलमुखत्यारपत्र करून त्यावर राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटच्या कार्यालयाकडून अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून दिलेले प्रमाणपत्र, घेता येते. भारत आणि अमेरिका दोन्ही देश अपॉस्टिल करारात आहेत. परदेशी राहणाऱ्या व्यक्तीने नोटरीसमोर केलेले मुखत्यारपत्र नोंदणी कायद्याच्या कलम 33 नुसार ग्राह्य असते. वकिलातीत जाण्याचा मार्गही त्या कलमात आहे, पण तोच एक मार्ग नाही, आणि आपल्या परिस्थितीत नोटरीचा मार्ग अधिक सोयीचा आहे. कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरून घ्यावे. सातबारावर वारस म्हणून नाव लावण्यासाठीही गावातील भावंड किंवा मुखत्यार तलाठी कार्यालयात अर्ज देऊ शकतो. मालमत्तेच्या कामासाठी केलेली भेट निकडीची म्हणून पटवून देणे सर्वांत अवघड असते. त्यामुळे हे काम कागदावरच उरकावे.

ग्रीन कार्ड मिळाल्यावर तर मोकळीक मिळते ना?

काही प्रमाणात. असायलम मिळून अमेरिकेत एक वर्ष प्रत्यक्ष वास्तव्य झाल्यावर ग्रीन कार्ड मिळू शकते, पण त्या वेळीही आपण निर्वासिताच्या व्याख्येत बसत असावे लागते. म्हणून असायलम ते ग्रीन कार्ड हा टप्पा मायदेशी जाण्याच्या दृष्टीने अतिशय नाजूक असतो.

कार्ड हाती आल्यावर, इमिग्रेशन न्यायाधीशांच्या निकालांवरची अपिले ऐकणाऱ्या बोर्ड ऑफ इमिग्रेशन अपील्सच्या 2017 च्या एका निर्णयानुसार, आश्रिताचा दर्जा संपून कायम रहिवाशाचा दर्जा सुरू होतो. हे ऐकून अनेकांना हायसे वाटते. परंतु यूएससीआयएसने 2006 मध्ये काढलेल्या माहितीपत्रकात असायलमवरून ग्रीन कार्ड मिळालेल्यांनाही, छळाचे ठिकाण म्हणून सांगितलेल्या देशात गेल्यास त्याविषयी विचारणा होऊ शकते, असा इशारा दिलेला आहे. मूळ दावाच खोटा होता असा संशय आला, तर ग्रीन कार्ड ढाल होत नाही. नागरिकत्वाच्या एन-400 फॉर्मवर गेल्या पाच वर्षांतील परदेशप्रवासांची यादी द्यावी लागते, आणि मुलाखतीत तीच यादी जुन्या असायलम अर्जाशेजारी ठेवून वाचली जाऊ शकते.

ग्रीन कार्डधारकालाही, ते असायलमवरून मिळालेले असल्यास, रेफ्युजी ट्रॅव्हल डॉक्युमेंट मिळू शकते. भारतीय पासपोर्टपेक्षा ते केव्हाही बरे.

2018 मध्ये कलम 377 चा निकाल लागला. समलैंगिकतेच्या कारणावरून असायलम मिळालेल्यांना आता धोका आहे का?

6 सप्टेंबर 2018 रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, हे खरे आहे. परिस्थितीत मूलभूत बदल झाला, या युक्तिवादासाठी त्याचा आधार घेतला जाऊ शकतो. पण ज्याची भीती पोलिसांइतकीच किंवा त्याहून अधिक घरच्यांच्या मारहाणीची, जबरदस्तीच्या लग्नाची किंवा गावाच्या बहिष्काराची होती, त्याच्यासाठी एका निकालाने सारे बदलले असे म्हणता येत नाही. अशा व्यक्तीने मायदेशी जाऊन त्याच घरी मुक्काम करणे मात्र त्या निकालापेक्षाही मोठा पुरावा ठरतो.

माझ्या पत्नीला आणि मुलांना माझ्यामुळे असायलम मिळाले आहे. ते जाऊ शकतात का?

त्यांची स्वतःची भीती दाव्यात मांडलेली नसेल, तर त्यांच्या भेटीचा अर्थ आपल्या भेटीइतका गंभीर नसतो. तरी संपूर्ण कुटुंबाला धोका आहे असे आपण लिहिले असेल, तर मुलांची दर उन्हाळ्याची आजोळची सुट्टी त्या वाक्याला छेद देते. शिवाय मुख्य अर्जदाराचे असायलम रद्द झाले, तर त्याच्यावर अवलंबून असलेल्यांचेही जाते.

अमेरिकेचे नागरिकत्व मिळाल्यावर?

तेव्हा आपण अमेरिकी पासपोर्टवर प्रवास करता आणि भेटीमुळे दर्जा जाण्याचा प्रश्न उरत नाही. फसवणूक करून नागरिकत्व मिळवल्याचा आरोप तेवढा वेगळा. भारतीय नागरिकत्व आपोआप संपते, त्यामुळे जुना भारतीय पासपोर्ट जमा करून व्हिसा किंवा ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळ भारतीयांना मिळणारे कार्ड) घ्यावे लागते. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या काही शीख व्यक्तींची नावे भारत सरकारच्या प्रतिकूल यादीत, म्हणजे भारतात येण्यास मज्जाव असलेल्यांच्या यादीत, वर्षानुवर्षे होती. सप्टेंबर 2019 मध्ये अशा 314 पैकी 312 नावे वगळण्यात आली.

कॅनडात नियम वेगळा आहे, तो कसा?

तिथे भेटीची किंमत अधिक आहे. डिसेंबर 2012 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनुसार, मायदेशाचे संरक्षण पुन्हा घेतल्याच्या कारणावरून निर्वासित दर्जा संपल्याचे ठरले, तर कायम रहिवासाचा दर्जाही त्याबरोबर जातो. मायदेशाचा पासपोर्ट घेऊन त्यावर मायदेशी प्रवास केला, की संरक्षण घेण्याचा हेतू होता असे तिथे गृहीत धरले जाते आणि ते खोडून काढणे त्या व्यक्तीवर येते. फेडरल कोर्ट ऑफ अपीलने 2022 मध्ये अशा प्रकरणांत काय पाहावे ते सांगितले: परिणामांची त्या व्यक्तीला कल्पना होती का, छळ करणारे सरकार होते की खाजगी लोक, भेटीचे कारण काय होते, काय खबरदारी घेतली होती. त्यामुळे टोरंटोतल्या भाचीने ‘मी जाऊन आले, काही झाले नाही’ असे सांगितले तरी न्यू जर्सीतल्या मामांनी तो दाखला घेऊ नये, आणि उलटही नाही. कॅनडाचे नागरिक होईपर्यंत न जाणे हेच तिथे सुज्ञपणाचे ठरते.

परतताना विमानतळावर काय होते?

काही वेळा काहीच होत नाही. काही वेळा अधिकारी पासपोर्टची पाने चाळून भारताच्या शिक्क्यावर थांबतो आणि दुसऱ्या खोलीत बसवतो. तिथे विचारतात ते साधे असते: का गेला होता, कोणाकडे उतरला होता, ज्यांची भीती होती ते आता कुठे आहेत. उत्तर थोडक्यात, खरे आणि जुन्या जबानीशी जुळणारे असावे. दुभाषी हवा असेल तर मागावा. अर्धवट इंग्रजीत ‘आता तिकडे सगळे ठीक आहे’ असे सौजन्याने बोललेले वाक्यही नोंदवले जाते. न वाचलेल्या कागदावर, विशेषतः आपला दर्जा सोडून देण्याच्या कागदावर, सही करू नये.

असायलम रद्द करण्याचा विचार असल्यास यूएससीआयएसला आधी कारणांसह नोटीस द्यावी लागते, मुलाखतीपूर्वी किमान 30 दिवस मिळतात आणि पुरावा मांडता येतो. असायलम न्यायाधीशांनी दिलेले असेल, तर प्रकरण पुन्हा न्यायालयात उघडावे लागते.

मी आधीच जाऊन आलो आहे. आता काय करावे?

पुढचा कोणताही फॉर्म भरण्यापूर्वी इमिग्रेशन वकिलाला किंवा न्याय विभागाची मान्यता असलेल्या प्रतिनिधीला भेटावे. तिकिटांचा धंदा आणि फॉर्म भरण्याचा धंदा एकाच टेबलावर करणाऱ्या एजंटाला नव्हे. त्याआधी माहितीच्या स्वातंत्र्याच्या कायद्याखाली यूएससीआयएसकडे स्वतःच्या फाईलची प्रत मागावी. बऱ्याच जणांचा असायलम अर्ज दुसऱ्याने लिहिलेला असतो आणि त्यात कोणाची, कुठली, केव्हाची भीती नोंदवली आहे हे त्यांनी कधी वाचलेलेच नसते. भेटीचे स्पष्टीकरण त्या मजकुराशी ताडून पाहूनच लिहावे लागते, त्यामुळे प्रत हाती येईपर्यंत एन-400 थांबवून ठेवलेला बरा.